उद्याचा कर मोजणारे मालक

उद्या हा दिवस उगवणारच, अशी पक्की खात्री असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमचे लातूरचे गाळामालक. तुम्हीआम्ही उद्याचं बोलतो ते आपली बोलायची रीत म्हणून. 'उद्या बघू', 'उद्या देतो' असं म्हणताना आपल्या मनात उद्या कुठेच नसतो, फक्त आज टळावा एवढीच इच्छा असते. मालकांचा उद्या मात्र त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलेला असायचा. आधी त्याची विचारपूस करायची, मग आजच्या माणसाकडे वळायचं. मांजरेपासून गोदावरीपर्यंत इन्कम टॅक्सची कामं करणारी माणसं पुष्कळ असतील. पण जो कर आज भरायचाच नाही, जो अजून दोनतीन वर्षांनी दारात येणार आहे, तो आजच मोजून ठेवल्याशिवाय ज्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, असे हे एकटेच.

मी देवगडकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, आणि आमच्या यांना लातूरच्या तेलमिलमध्ये फिटरचं काम लागलं म्हणून समुद्राच्या काठावरून उठून मी अशा गावात आले जिथं नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करतात. पुढे ती मिल बंद पडली. गावी जायला तोंड नव्हतं, इथं राहायला धीर नव्हता. जवळ होतं नव्हतं ते घालून आम्ही एक लाकडी घाणा घेतला, विजेवर चालणारा, आणि करडईचं तेल काढायला लागलो. खोबरेलात वाढलेली बाई मी, करडई हातात धरली तर काटा आणि दाणा यातला फरक कळेना. गिऱ्हाईक आलं तर छातीत धडधडायचं, नाही आलं तरी धडधडायचं. दर वर्षी पाडवा आला की आम्ही दोघं तेच बोलायचो. राहायचं की जायचं? माझा एक पाय कायम बसस्टँडवर असायचा.

गाळा बघायला गेलो तेव्हा मालकांनी आमचं गाव विचारलं नाही, माणसं किती ते विचारलं नाही, भाडंसुद्धा सांगितलं नाही. घाण्याभोवती एक चक्कर मारून त्यांनी विचारलं, "ह्यो किती साल चालंल?"

"नीट ठेवला तर दहाबारा वर्षं," हे म्हणाले.

"मंग भाड्याचं नंतर. आधी बारा सालांचं बोलू."

 आम्हाला पुढच्या महिन्याचं सुचत नव्हतं.

मालक वरच्या मजल्यावर बसत. गल्ली त्यांना वकीलसाहेब म्हणायची, पण कोर्टाचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मूळचे चाकूरकडचे, घरात दुकानदारी, हे एकटेच शिकून टॅक्सच्या कामाला लागलेले. कपाळावर विभूतीची तीन बोटं, खिशात दोन चष्मे. एक जवळचं बघायला आणि एक, त्यांच्याच शब्दांत, "लांबच्या सालाचं बघायला". प्रत्यक्षात दोन्हींचा नंबर सारखाच होता, हे मला मालकीणबाईंनी सांगितलं. खाली घाणा करकरायला लागला की वर त्यांची टेबलावरची पेन्सिल आपोआप घरंगळायची. मग खिडकीतून डोकं बाहेर यायचं, "बाई, तुझा घाणा माझी शून्यं हलवून राहिलाय!" घाणा बंद ठेवा असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत.

लग्नाच्या पंगतीत मालकांच्या शेजारी बसणं म्हणजे एक अनुभव असायचा. पानात जिलेबी पडली की सगळे जिलेबी खात, मालक खिशातून पुडी काढून आधी ओवा आणि काळं मीठ खात. "जिलेबी आता गोड लागती," ते सांगायचे, "पण तिचं देणं चार वाजता छातीत जळजळ होऊन येणार हाय. ते आत्ताच धरावं लागतं. आधी तरतूद, मंग जिलेबी." आणि एकदा तरतूद झाली की मग मात्र त्यांच्याइतकी जिलेबी त्या मांडवात कोणी खात नसे. एका भाच्याच्या लग्नात स्टेजवर जाऊन त्यांनी नवरानवरीला आशीर्वाद दिला, "पहिल्याच साली सगळं कौतुक उडवू नका. दर साली सारख्याच मापानं वापरा. न्हाईतर चवथ्या साली वापरायला काही उरत न्हाई." मुलीच्या वडिलांचा चेहरा पडला, त्यांना हा शाप वाटला. मालकीणबाईंनी मालकांचा सदरा मागून ओढला आणि म्हणाल्या, "चला, आहेर झाला, आता हा यंत्राचा घसारा पुरे." या बाईंनी अख्खा संसार असल्या वाक्यांवर तोलून धरला होता. आमच्याकडे तेल न्यायला आल्या की सांगायच्या, "आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती आन् हे मला हळूच विचारतात, म्हातारपणी तुला डोंगर आवडंल का नदी?"

बजेटच्या दिवशी मालक पहाटे आंघोळ करून, पूजा आटपून, टीव्हीसमोर मांडी घालून बसायचे. तोंडात पाण्याचा थेंब नाही. कराच्या पायऱ्या, म्हणजे किती कमाईला कोणता दर ते, तशाच राहिल्या तर दुपारी पुरणपोळी. बदलल्या तर आतून आरोळी यायची, "गेला! अख्खा उद्या गेला!" मग पुढचे कितीतरी दिवस ते आपल्या एकूण एक माणसांचा उद्या नव्या दरानं पुन्हा मोजत बसायचे. कुणी मागितलेला नसताना. लोक हसून विचारायचे, "वकीलसाहेब, ह्याची फी किती?" ते मान वर न करता म्हणायचे, "उद्याची फी उद्याच घेईन." ती त्यांनी कधी घेतल्याचं मला माहीत नाही.

त्यांच्या या वेडाचा मला पहिला हिसका बसला तो एका मार्चमध्ये. शेजारच्या किराणावाल्यांनी मला सांगितलं होतं, "वैनी, सांभाळून बरं का. कमाई वरच्या पायरीला नुसती टेकली तरी पहिल्या रुपयापासून सगळ्याला वरचा दर लागतो. मी तर मार्च लागला की तराजू झाकून ठेवतो." भित्र्या माणसाला एवढं पुरतं. मी घाणा बंद केला. नांदेडच्या एका होस्टेलच्या खानावळीचा माणूस उन्हाळ्याचं तेल न्यायला टेम्पो घेऊन आला होता, त्याला मी सांगितलं, तेल नाही. पडद्यामागे डबे भरलेले होते. टेम्पो गेला आणि मी स्टुलावर बसले.

एवढ्यात मालक जिना उतरून आले. "काय झालं? लाईट गेली का? माझी पेन्सिल हलंना."

"पायरी जवळ आली, मालक."

"कसली पायरी?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, विभूती हाताला आली. "किराणावाल्यानं सांगितलं व्हय? चल, मागं चल. आज पाणी आलंय."

मागच्या अंगणात त्यांची तीन निळी बॅरलं होती. पहिलं भरलं की त्यातलं जादा पाणी पाइपानं दुसऱ्यात, दुसरं भरलं की तिसऱ्यात. हा त्यांच्या घरचा जुना रिवाज होता. पहिल्या बॅरलला बाहेरच्या कुणी हात लावायचा नाही, ते घरच्या पिण्याचं. दुसऱ्यात पाणी पडलं तर त्यातली कळशीभर गल्लीची. तिसऱ्यात पडलं तर त्यातलं निम्मं गल्लीचं. समोरच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या मावशींना नळ नव्हता. त्यांचं सगळं पाणी या दुसऱ्यातिसऱ्या बॅरलमधलं. त्या कळशी घेऊन उभ्याच होत्या.

"हे बघ. तिसऱ्यात पाणी पडतंय," मालक म्हणाले. "म्हणून मावशी पहिल्यातलं पाणी नेती का?"

"नाही."

"दुसऱ्यातलं कळशीपेक्षा जास्त नेती का?"

"नाही."

"तिसऱ्यातलं निम्मं नेती. निम्मं कुणाचं राहिलं?"

"तुमचं."

"मंग तिसऱ्यात पाणी पडू नये म्हणून नळच बंद करणाऱ्या माणसाला काय म्हणावं?"

"येडं म्हणावं," मावशींनी परस्पर निकाल दिला आणि कळशी बुडवली.

मी तशीच धावत जाऊन यांना सांगितलं, यांनी खानावळवाल्याला फोन लावला. तो नाक्यावर चहा पीत होता. टेम्पो परत आला. घाणा सुरू झाला, आणि वरून समाधानी आवाज आला, "हलली!"

इथं दुसरा कोणी थांबला असता. मालक थांबले नाहीत. झालं असं, की त्याच दिवशी मावशी लेकीकडे औशाला निघाल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "माझं तिसऱ्यातलं आजच्या पाण्याचं राहू द्या, पुढल्या पाण्याला नेते." हे ऐकून मालकांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मी विसरणार नाही. त्यांनी लांबच्या सालाचा चष्मा लावला.

"आता सांग बाई, मावशीचं आपल्याकडं किती राहिलं?"

"आजचं निम्मं बॅरल."

"चूक. ती नेणार कवा? पुढल्या पाण्याला. तवा नळ करंगळीएवढा आला आन् पहिलंच बॅरल भरलं तर तिला काय मिळंल? आन् धो धो आला तर? जे पुढं द्यायचंय ते आजच्या पाण्यानं मोजायचं नसतं. त्या दिवशी आपल्याकडं किती पाणी येणार, त्यानं मोजायचं. तेबी एकट्या तिसऱ्या बॅरलच्या मापानं न्हाई. तिन्ही बॅरलांचं पाणी एक धर, त्यातून गेलेलं सगळं एक धर, आन् बघ कळशीमागं पेले किती गेले. ती सरासरी."

"मला आपल्या चार कळश्या द्या," मावशी पिशवी उचलत म्हणाल्या. "सरासरी तुम्ही प्या."

पण मला मात्र त्या दिवशी थोडं उमजलं. मालकांनी घाण्याचंच उदाहरण घेतलं. घाणा रोज सारखाच झिजतो, पण कायदा त्याची झीज, म्हणजे घसारा, सुरुवातीच्या वर्षांत जास्त धरू देतो. म्हणून सुरुवातीला कर कमी. पुढे धरायला झीज उरत नाही आणि कर वाढतो. म्हणजे आज वाचलेला कर वाचलेला नसतोच, तो मावशींच्या पाण्यासारखा पुढच्या पाळीला गेलेला असतो. मोठ्या कंपन्यांना तो मोजून दाखवावा लागतो. आमच्यासारख्या घाणेवाल्यांना कोणी विचारत नाही.

"मग आपण कशाला मोजायचा, मालक?"

"तुला न्हाई लागत. मला लागतो."

आणि त्यासाठी ते मला दर मार्चला एकच प्रश्न विचारायचे. "पुढल्या तीन सालांत तू किती कमवशील?" बाकीच्यांना तो गमतीचा वाटायचा. मला वर्गात फळ्यापाशी उभं केल्यासारखं व्हायचं. मी म्हणायचे, "काय माहीत." ते पुन्हा तेच विचारायचे. मी म्हणायचे, "यंदाइतकंच." ते पेन्सिल उचलायचे. मग आपणच माझ्या उत्तराच्या थोडा वरचा आकडा लिहायचे आणि म्हणायचे, "भिऊन सांगितलेला आकडा खरा नसतो." मी म्हणायचे, कमी कमाई धरली तर पुढचा कर कमी दिसेल, बरंच की! ते म्हणायचे, "माणूस आपलाच उद्या बारीक करून दाखवतो, आन् कुणाला? मला?"

असे काही पाडवे गेले. मग एका फाल्गुनात गावाहून दिरांचा फोन आला, "बाग बघूक माणूस नाय. येवा परत." यांचा चेहरा उजळला. उदगीरचा एकजण घाणा विकत घ्यायला येऊन गेला. त्याला पाडव्याला होय की नाही ते सांगायचं ठरलं. मी रोज रात्री समुद्राचा आवाज आठवायचे, आणि दिवसा करडई चाळताना वाटायचं, आता कुठं मला काटा आणि दाणा वेगळा कळायला लागलाय. आम्ही दोघं एकमेकांना विचारायचो, 'तुझं काय म्हणणं', 'तुमचं काय म्हणणं', आणि आपापल्या कामाला लागायचो. शेवटी भित्र्याचा कौल नेहमी लागतो तोच लागला. निघून जावं. निघून जाण्यात निदान चुकायचं काही उरत नाही.

पाडवा दोन दिवसांवर आला तेव्हा मी वर गेले आणि म्हणाले, "मालक, आमचं काम बंद करून द्या. आम्ही गावी चाललो."

ते रागावले नाहीत, थांबा म्हणाले नाहीत. चष्मा बदलला, कागद ओढला. "बस. दोन्हीकडून बघून घेऊ." बराच वेळ पेन्सिल चालली. मालकीणबाईंनी चहा आणला, त्याही उभ्या राहिल्या. मग मालकांनी कागद माझ्याकडे फिरवला. एका बाजूला शून्य होतं. दुसऱ्या बाजूला एक चांगला लांबलचक आकडा होता.

"गेलीस तर घाणा विकला जाईल, जे काय निघंल ते आत्ताच मिटंल. पुढं तुझ्याकडं कुणाचं काही न्हाई. शून्य. राहिलीस तर पुढल्या तीन सालांत तुला इतका कर यावा."

"एवढा? म्हणजे कमाई किती धरलीत?"

त्यांनी सांगितली.

"मालक, एवढं आमच्यानं नाही होणार."

"मी कुणाला खूश करायला आकडा लिहीत न्हाई, बाई. पन्नास माणसांचे उद्या मोजतो मी. तुझा घाणा दिवसभर हलतो, माझी पेन्सिल साक्षीला हाय." मग ते म्हणाले, "लोकं इथं शून्य बघून पेढे वाटतात. मला शून्याचं भ्याव वाटतं. ज्याला पुढं काही द्यायचं न्हाई, त्याला पुढं काही यायचंबी नसतं."

मालकीणबाई म्हणाल्या, "आवो, तिला जायचं आसंल तर जाऊ द्या की. आपलं गाव कुणाला नको वाटतं?"

"मी कुठं धरून ठेवलंय?" मालक म्हणाले. "मी फक्त मोजून दिलं."

तो कागद घेऊन मी खाली आले. मला काय होत होतं ते सांगणं अवघड आहे. सातवीनंतर मला कोणी काही विचारलं नव्हतं. लग्न विचारून झालं नाही, गाव विचारून सुटलं नाही. या परक्या गावात माझ्या नशिबावर कोणी चार पैसे लावले असते तर ते बुडीत खात्यात धरून लावले असते. आणि हा माणूस, ज्याचं माझं नातं गाळ्याच्या भाड्याचं, तो मला तीन वर्षांनी भरायच्या कराचा आकडा दाखवत होता. म्हणजे तीन वर्षांनी मी असणार होते. आणि चांगली असणार होते, तिसऱ्या बॅरलमध्ये पाणी पडेल इतकी. कर बघून आनंदानं रडणारी बाई लातुरात तरी मीच असेन.

यांना कागद दाखवला. यांनी तो बराच वेळ धरला. "एवढं कमावणार आपण?"

"मालक म्हणतात."

"त्यांनी दोन्ही चष्मे लावून बघितलं का?"

"लावून."

हे उठले, आणि घाण्याला तेल-पाणी करायला लागले. उदगीरवाल्याला पाडव्याला नाही कळवलं. दिरांना आम्ही एक डबा करडईचं तेल पाठवलं आणि त्यांनी एक पेटी आंबे. त्यावर दोन्ही घरं खूश राहिली. मालकांचा आकडा बरोबर आला का, असं पुष्कळजण विचारतात. नाही आला. पहिल्या साली कमी पडला, दुसऱ्या साली सरकारनं पायऱ्या बदलल्या, मालकांनी "गेला, गेला" करून सगळं नव्यानं मोजलं, आणि तिसऱ्या साली आम्ही त्यांच्या आकड्याच्याही वर गेलो. ते त्यांना इतकं लागलं, की चार दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. "मी कमी धरलं," एवढंच म्हणत होते.

आता वरची खोली बंद असते. मालकांचे डोळे अधू झाले, तेव्हा त्यांची लेक दोघांना नांदेडला आपल्याकडे घेऊन गेली. मालकीणबाईंना म्हातारपणी नदी मिळाली. बॅरलं आमच्याकडे आहेत आणि रिवाज तोच आहे. रिटर्न आता एक तरुण पोरगा भरतो, कॉम्प्युटरवर, चुटकीसरशी, आणि उद्याचं काही विचारत नाही. म्हणून दर मार्चला मी आणि हे चाकूरवरून जाणाऱ्या बसनं नांदेडला जातो, रिक्षा करून त्यांच्या दारात उतरतो. सोबत तेलाचा डबा असतो. मालक गेल्या वर्षीचा रिकामा डबा धुऊन, उन्हात वाळवून तयार ठेवतात. तो परत न्यायचा, पुढच्या वर्षी भरून आणायचा, अशी पद्धत पडली आहे.

यंदा गेलो तेव्हा ते खाटेवर बसून होते. बारीक दिसले. दोन्ही चष्मे खिशात, पण लावलेला एकही नव्हता. मी डबा ठेवला तर म्हणाले, "आता कशाला एवढं वझं आणता?" चहा झाला. मी वाट बघत होते, ते विचारीनात. शेवटी मीच कागद पुढे केला. त्यांनी पेन्सिल घेतली, आणि कागदाला डोळे लावून म्हणाले, "अवंदा एकच साल धरू, बाई. एक पुरे."

मालकीणबाईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं. हे माझ्याकडे बघायला लागले.

"नाही मालक," मी म्हणाले. "तीन धरा."

"आन् तिसऱ्या सालाचा ताळा कोण बघंल?"

"तुम्ही. मी कागद घेऊन येईन."

 मग मी आपणहून, कोणी न विचारता, तिन्ही वर्षांच्या कमाईचे आकडे सांगितले. मोठे सांगितले.  त्यांनी मान वर केली. "घाणा एक का दोन?"

"दुसरा घ्यायचं चाललंय."

"मंग हे कमी हायत," ते म्हणाले, आणि चाचपडत लांबच्या सालाचा चष्मा शोधायला लागले. तीनही आकडे त्यांनी माझ्यापेक्षा थोडे वर लिहिले. अक्षर ओळीबाहेर जात होतं. तिसऱ्यापाशी पेन्सिल जरा थांबली, मग तोही लिहिला.

आम्ही निघालो. फाटकाबाहेर रिक्षात बसलो, रिक्षा सुरू झाली, तेवढ्यात मागून आवाज आला. मालक खाटेवरून उठून, भिंतीला धरत दारापर्यंत आले होते, आणि त्यांच्या हातात तो धुतलेला रिकामा डबा होता.

"ए बाई! डबा राहिला की! पुढल्या साली तेल काय ओंजळीत आणशील?"